डाव्या कानातला आवाज

— नाही हो, ही सुई टोचायची नाहीये. हिला टोकच नाही, बघा ना, बोथट आहे. हिच्यातून नुसतं जेल सोडायचं, तुमच्या डोक्यावरच्या ह्या टोपीच्या एकेका भोकात थोडं थोडं. सगळेच घाबरतात. परवा एक चांगला तालमीतला गडी आला होता, दंड असे, मानेवर घडी — सुई बघितली आणि म्हणाला, बाई, जरा बाहेर जाऊन येतो. तो आलाच नाही. तुम्ही बसलात, तुमचं कौतुक. मान सरळ ठेवा. तेल नाही ना लावलंत सकाळी? — लावलंत. थोडंसं म्हणजे किती थोडंसं? कागदावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, केस धुऊन, तेल न लावता यावे, आणि दहातले सहा चोपडून येतात. असू दे. स्पिरिटने पुसून घेते. गार लागेल जरा.

बत्तीस भोकं आहेत. समोर पडद्यावर डोक्याचं चित्र दिसतंय? त्यावरचे लाल ठिपके एकेक करून हिरवे करत जायचे. हिरवा झाला म्हणजे त्या जागी कातडीशी नीट जुळलं, तुमच्या मेंदूतली वीज वायरीतून आमच्याकडे यायला लागली. वीज म्हणजे घाबरायचं काही नाही, इतकी थोडी असते की ती मोठी करून दाखवायला अख्खं कपाटभर यंत्र लागतं. पाऊण तास जातो सगळ्याला. तेवढा वेळ मी बोलते. तुम्ही नाही बोलायचं — बोललात की जबडा हलतो, जबडा हलला की टोपी सरकते, आणि मग मी पहिल्यापासून. अठरा वर्षं हेच करतेय. आमचे हे सगळ्यांना सांगायचे, आमची बायको काही साधीसुधी नाही, सरकारी पगारावर लोकांना टोप्या घालते. — हसू नका, सरकली बघा.

तर आत काय होणार ते सांगते. ते जाड दार दिसतंय ना, त्याच्या आत खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच म्हणा, चारी भिंतींना स्पंज. खुर्ची आहे, एक बटण आहे. कानाला हेडफोन. उजव्या कानात एक बाई बोलते, डाव्या कानात एक पुरुष. दोघंही एकदमच. तुम्ही फक्त बाईचं ऐकायचं. ती एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट सांगते, त्यात मधे मधे 'पाणी' शब्द येतो, आला की बटण दाबायचं. शेवटी गोष्टीवर मी चार प्रश्न विचारते. आणि डावीकडचा जो आहे, तो सायकलची निगा कशी राखावी ते सांगतो. त्याला बोलू द्यायचं. वीस मिनिटं तो बोलतो, वीस मिनिटं तुम्ही त्याला बोलू द्यायचं, बस्स एवढंच काम आहे.

कशासाठी म्हणजे — लक्ष कसं चालतं ते बघायला. आता बघा, कानावर आवाज पडला की सेकंदाच्या दहाव्या भागात इथे, टाळूच्या खाली, लाट उठते. ज्या आवाजाकडे तुमचं लक्ष आहे त्याची लाट मोठी, ज्याच्याकडे नाही त्याची बारकी. आणि आवाज दोन्हीकडे सारखाच असतो बरं का, मोजून मापून सारखा केलेला. म्हणजे फरक कान करत नाही, डोकं करतं. तेच कुठे करतं, कधी करतं, हे मॅडमना शोधायचंय — मॅडम म्हणजे ह्या सगळ्याच्या प्रमुख, वरच्या मजल्यावर बसतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, नको असलेला आवाज दारातच अडतो. काही म्हणतात, छे, तो आत येतो, त्याचा अर्थसुद्धा लागतो, आणि मग डोकं त्याला बाहेर काढतं. साठ-सत्तर वर्षं भांडताहेत. मला कोणी विचारत नाही. मी आपली टोपीवाली.

तुमचा फोन वाजतोय. कपाटात ठेवायला सांगितला होता ना? — कोण, मिसेस? घ्या, घ्या, अजून काही लावलेलं नाही मी तिकडे. घ्या हो, मी थांबते.

— झालं? आता सांगा बघू, काय म्हणाल्या? नाही, खासगी नका सांगू, पण आठवतंय का? मी मोजत होते, तुम्ही सात वेळा 'हं' म्हणालात. सातपैकी एकाही 'हं'ला काही ऐकलंत असं मला वाटलं नाही. काहीतरी आणायला सांगितलं ना? — काय ते? — बघा. अहो, लाजू नका, सगळे नवरे असेच, आणि बायका काही वेगळ्या आहेत असं म्हणत नाही मी. द्या तो फोन इकडे, ट्रेमध्ये ठेवते. घरी जाताना परत लावा आणि विचारा. विसरू नका.

हा एक हिरवा झाला. दुसरा. कपाळावरचे पटापट होतात, केस नसतात ना.

आमच्या घरी उलट होतं. बोलायचं काम ह्यांचं. दिवसभर बोलून यायचे आणि घरी परत बोलायचे. बसस्टँडवर होते हे, उद्घोषक. अमुक गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, ते. आवाज असा स्वच्छ की एकेक अक्षर वेगळं करून ठेवावं. आणि ऐकायचं कोणी नाही. हेच सांगायचे, अगं, हजार माणसं बसलेली असतात, कोणी शेंगा सोलतंय, कोणी भांडतंय, माझ्याकडे कोणाचं ढुंकून लक्ष नसतं — आणि एखाद्या गावाचं नाव घेतलं की त्या गावचे तेवढे चाळीसजण उठून पळत सुटतात. म्हणजे ऐकत होते की नव्हते? मी म्हणायचे, हेच आमच्या मॅडम शोधताहेत. ते म्हणायचे, मग तुमच्या मॅडमना स्टँडवर पाठव, टोप्यांचा खर्च तरी वाचेल.

घरी आले की ह्यांचं सगळ्यावर बोलणं. नळाला पाणी किती बारीक आहे, शेजाऱ्याने गाडी कशी लावली, पेपरात काय आलंय, आमटीत मीठ आहे पण असावं तसं नाही. बावीस वर्षांच्या संसारात बाईला जे जमतं ते मलाही जमलं होतं. मी भाजी चिरत असायचे, हे बोलत असायचे, आणि मी कुठल्या कुठे. मधेच विचारायचे, अगं, ऐकतेस ना? मी म्हणायचे, हो. शेवटचे दोन शब्द म्हणूनही दाखवायचे. शेवटचे दोन शब्द डोक्यात राहतात, माहितेय का, लक्ष नसलं तरी राहतात, दोन-तीन सेकंद. त्यावर बायकांचे संसार निभतात.

तर पाच वर्षांपूर्वी हा प्रयोग ठरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, डाव्या कानासाठी एक आवाज हवाय, स्वच्छ हवा, एका सुरातला हवा, आणि दुर्लक्ष करता येईल असा हवा. मी पटकन बोलून गेले — माझ्या घरी आहे. सगळी लॅब हसली. मॅडमही हसल्या. मीही.

हो. तेच. तुम्हाला आता जो ऐकू येणार आहे तो ह्यांचाच आवाज. — मान नका वळवू. वळवू नका म्हटलं ना.

खूश झाले होते हो. म्हणाले, म्हणजे तीच नोकरी आता दोन ठिकाणी. ह्याच आतल्या खोलीत बसून रेकॉर्डिंग केलं, रजा टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात खडीसाखर. सायकलचा मजकूर मॅडमनी कुठल्याशा पुस्तिकेवरून काढला होता. हे वाचता वाचता थांबले आणि काचेतून म्हणाले, मॅडम, हे चूक आहे, चेनला इतकं तेल घालत नसतात. हे स्वतः सायकलने जायचे ना स्टँडवर. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही सांगा तुमच्या मनाने. तर ह्यांनी तिथल्या तिथे एक वाक्य घातलं — जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर पँट खराब होते आणि घरी बोलणी बसतात. अगदी त्याच उद्घोषणेच्या आवाजात. मी काचेबाहेर तोंडावर हात धरून हसले. ते वाक्य तसंच राहिलंय. चौदाव्या मिनिटाला आहे.

आणि कोणाला ऐकू आलेलं नाही. चारशे अकरा जण बसून गेले ह्या खुर्चीत. बाहेर आल्यावर मी प्रत्येकाला विचारते, डाव्या कानात काय ऐकलंत? फॉर्मवरचाच प्रश्न आहे, सोळावा. म्हणतात, कोणीतरी पुरुष होता. काय म्हणत होता? माहीत नाही. सायकलसुद्धा कोणाला आठवत नाही. एकजण म्हणाला, स्वयंपाकाचं काहीतरी होतं. म्हणजे प्रयोग उत्तम चाललाय, मॅडम खूश असतात, माणसांनी नीट दुर्लक्ष केलंय. मी लिहिते, 'काही नाही'. चारशे अकरा वेळा लिहिलं. तुम्ही चारशे बारावे, आणि शेवटचे. सोमवारपासून मशीनचा आवाज येणार आहे. मॅडम म्हणाल्या, आता संगणकच बोलतो, माणूस कशाला लागतो.

— हा माझा वाजतोय. लेक आहे. असू दे, नंतर करते. हात जेलने भरलेत.

डावीकडे आले आता. कानामागचा हा ठिपका नेहमी त्रास देतो. जरा डोकं पुढे घ्या. हं.

ती येणार आहे संध्याकाळी, लेक. दुसऱ्या गावी असते, नोकरी आहे, नवरा आहे, बरं चाललंय. आवाज न्यायला येतेय. म्हणाली, आई, बाबांचा एकही धड व्हिडिओ नाही आपल्याकडे, सगळ्यांत ते फोटो काढणारे. तुझ्या लॅबमध्ये वीस मिनिटं आवाज आहे, तो दे. मॅडमनी परवानगी दिली. त्या खणात आहे, पेनड्राइव्ह. एवढासा.

आमचे हे गेले, ते सांगायचं राहिलं का? पाच वर्षं होतील. रेकॉर्डिंग झालं त्याच्या पंधरा दिवसांनी. हार्ट. — नाही, सांत्वन नको, बोलू नका, टोपी सरकेल.

शनिवार होता. दुपारचे साडेचार. आता त्याचं असं होतं की टेप वापरात आणायच्या आधी कोणीतरी तपासायची असते. म्हणजे मीच. हेडफोन लावायचा आणि उजव्या कानातलं जे ऐकू येईल ते तोंडाने म्हणत जायचं, शब्दामागे शब्द, बाईच्या मागे पोपटासारखं. पूर्वी सगळ्यांकडून तसंच करून घ्यायचे. मोठ्याने म्हणत असलं की लक्ष दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. आणि तरीही डावा आवाज मधेच आत घुसला तर कागदावर खूण करायची, कितव्या मिनिटाला ते लिहायचं. हे सगळं आतल्या खोलीत बसून, दार लावून करायचं, नियम आहे. पण त्या आठवड्यात शेजारी खोदकाम चालू होतं, हादरे आतपर्यंत यायचे, आणि मॅडमना सोमवारी सकाळी टेप हवी होती. मी म्हटलं, घरी नेते. अठरा वर्षांत तेवढा एक नियम मोडला.

हे त्या दिवशी लवकर आले होते. म्हणाले, छातीत जळजळतंय, दुपारचं पचलं नाही वाटतं, पडतो जरा. मी बाहेरच्या खोलीत टेबलावर सगळं मांडून बसले होते. म्हटलं, पडा. आणि हे बघा, मला पाऊण तास हाक मारू नका, मला टेप तपासायचीय. म्हणाले, नाही मारत. आत गेले.

आणि मी हेडफोन लावला.

सगळ्यांना एवढंच माहितेय. हेडफोन लावलेला होता, मोठमोठ्याने बोलत होते, आत माणूस पडला, कळलं नाही. शेजारीण म्हणाली, कसं ऐकू येणार बाई. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून सुरू झाला? म्हटलं, ठाऊक नाही. मॅडम घरी आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या आणि मलाच समजावलं, मेंदू तसाच असतो, एका ठिकाणी गुंतला की दुसरं अडवतो, तुमचा काही दोष नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. सगळे चांगलं बोलले हो. लेक आली, तिने तेवढं एकदा विचारलं. रडून झाल्यावर, स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून. आई, बाबांनी हाक नाही का गं मारली? म्हटलं, नाही.

— परत तीच. वाजू दे. आता नको.

हिरवा होत नाहीये हा. अजून जरा जेल घालते. तुम्ही आवंढा गिळलात ना आत्ता? पडद्यावर दिसलं. सगळ्या रेघा एकदम उड्या मारतात. इथे काही लपत नाही, पापणी लवली तरी डोंगर उठतो.

मला ऐकू आलं होतं.

आता सुरुवात केलीच आहे तर सांगते. तुम्हाला का, ते मला विचारू नका. तुम्ही उठून जाऊ शकत नाही म्हणून असेल, तीस वायरी आहेत डोक्याला.

हेडफोन काही इतके घट्ट नव्हते. अकराव्या मिनिटाला मला ऐकू आलं — 'अगं'. ह्यांचाच आवाज. पण ह्यांचा आवाज तर माझ्या डाव्या कानात चालूच होता ना हो. अकरा मिनिटं चालू होता. आणि माझं काम काय होतं? त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. तो घुसला की खूण करायची आणि पुढे जायचं. मी खूण केली. अकरा, 'डावा आवाज घुसला'. बारीकसं वाईटही वाटलं, की छे, इतक्या वर्षांची सवय आणि घुसू दिला. बाराव्या मिनिटाला परत — 'अगं, इकडे ये जरा'. आता सायकलची निगा सांगणारा माणूस इकडे ये जरा कशाला म्हणेल? पण एवढा विचार करायला लक्ष लागतं, आणि लक्ष उजवीकडे होतं, तिथे रखवालदार दिव्याची वात पेटवत होता. मी मोठ्याने म्हणत होते, त्याने वात पेटवली, आणि हाताने खूण करत होते, बारा, 'डावा आवाज घुसला'. अक्षरही बिघडलेलं नाही.

मग तेरावं मिनिट.

मॅडमचं एक कलम होतं प्रयोगात, अजूनही आहे, तुम्हाला आधी सांगायचं नसतं पण आता काय — डाव्या कानात मधेच ऐकणाऱ्याचं नाव घालतात. दुर्लक्ष करत असतानाही स्वतःचं नाव ऐकू येतं का ते बघायला. तिघांतल्या एकाला येतं, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात असते. बाकी दोघांना तेसुद्धा येत नाही. त्यासाठी ह्यांच्याकडून दोनशे नावं वाचून घेतली होती, जो येईल त्याचं पेरायचं. माझंही नाव त्या यादीत होतं. साधंच आहे हो, शाळेत एका वर्गात चौघी होत्या त्या नावाच्या. ह्यांनी मात्र मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. लग्नानंतर पहिले आठ दिवस मारली असेल. नंतर 'अगं'. आम्ही दोघंही तसलेच, मी 'अहो', ते 'अगं'. रस्त्यात 'अगं' म्हणून ओरडले की चार बायका वळून बघायच्या.

तर तेराव्या मिनिटाला ह्यांनी माझं नाव घेतलं. स्वच्छ. एकेक अक्षर वेगळं.

आणि मला आनंद झाला. काय सांगू तुम्हाला. मला वाटलं, मॅडमनी माझी गंमत केली, माझ्याच टेपमध्ये माझंच नाव घातलं — आणि मला ऐकू आलं, मी तिघांतली ती एक आहे. मी कागदावर लिहिलं, तेरा, 'नाव ऐकू आलं', आणि पुढे दोन टिकमार्क केले. दोन. आणि उरलेली टेप ऐकली. सात मिनिटं. शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकवता. हेडफोन काढला आणि खुर्चीवरूनच म्हटलं, अहो, मला माझं नाव ऐकू आलं. मी उठून गेले तर हे पलंगावरून खाली जमिनीवर, दाराकडे तोंड करून. दाराकडे सरकत आले होते. चादर बरोबर ओढत आणलेली.

तरीही मी मनाला समजावत होते, की ते टेपवरचंच होतं. बारा दिवसांनी कामावर आले. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, पण जमेल तेव्हा बघा, ती प्रत कोरीच आहे, नावं अजून एकही घातलेली नाहीत त्यात. मी म्हटलं, बरं. इथेच उभी होते, ह्या खुर्चीपाशी.

मी तो कागद फाडला नाही. नोंद फाडायची नसते, ते शिकवलंय आम्हाला, चुकलेली असली तरी. मॅडमनी फाइलमधलं ते पान कधी उलटलंच नाही, तपासणीचे कागद कोण बघतं. फाइलच्या तळाशी होता, आज काढला. त्याच खणात ठेवलाय. पेनड्राइव्हच्या खाली. सकाळपासून मी चार वेळा तो खण उघडून बंद केलाय. लेकीला आवाज द्यायचा, की आवाज आणि कागद दोन्ही. नुसता आवाज दिला तर ती घरी जाऊन ऐकेल, तेलाच्या वाक्याला हसेल, मग मला फोन करून म्हणेल, आई, किती गोड आहे गं — आणि मी म्हणेन, हो ना. आयुष्यभर 'हो ना' म्हणत राहीन. कागद दिला तर —

मी म्हणते दारात अडत नाही. त्या भांडणाचं म्हणते मी, शास्त्रज्ञांच्या. आवाज आत येतो. पूर्ण आत येतो, नाव कळतं, कोणाचा आवाज ते कळतं, आणि मग आपणच त्याला हाताने बाजूला सारतो. आणि मी इतकी वर्षं बघतेय ना लाटा — दुर्लक्ष केलेल्याची लाट बारकी होते, पण नाहीशी झालेली मी अजून एकदाही बघितली नाही. चारशे अकरा डोक्यांत ह्यांची बारकी लाट उठलेली मी त्या पडद्यावर बघितलीय. त्यांना कळलं नाही, मला दिसायचं. रोज येऊन तेवढंच बघायचे. आज शेवटची.

झाला. हिरवा झाला बघा. सगळे हिरवे.

— तिसऱ्यांदा वाजवतेय. तीनदा वाजवत नाही ती कधी. एक मिनिट हं. हात पुसते.

हॅलो. हो गं, कामातच आहे. नाही, बोल. तू बोल आधी. — पोचलीस? इतक्या लवकर? — बरं. किल्ली शेजारी आहे. — हो, काढून ठेवलाय, खणात आहे. ऐक ना. ऐक जरा. तू मला विचारलं होतंस एकदा. स्वयंपाकघरात. आठवतं? — हो, तेच. — मारली होती. तीनदा मारली होती, बाळा. शेवटची नावाने. — हो. आली होती ऐकू. — मला वाटलं, टेपवरचं आहे. — नाही, वेड नाही लागलं मला. कागद आहे. माझ्याच अक्षरातला. — हॅलो? आहेस ना? श्वास ऐकू येतोय मला. बोल काहीतरी. काहीही बोल, मी ऐकतेय. हॅलो?

ठेवला.

— नाही, मी ठीक आहे. तुम्ही हलू नका. पाऊण तासाची मेहनत आहे. उठा सावकाश, वायरींचा जुडगा मी धरते, उंबरठा आहे तिथे. बसा. बटण उजव्या हातात. हेडफोन लावायच्या आधी मला सूचना वाचून दाखवायची असते, शब्दशः, प्रत्येकाला सारखी, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. वाचते.

आपल्या उजव्या कानात एक स्त्री गोष्ट सांगेल. ती लक्षपूर्वक ऐका. 'पाणी' हा शब्द ऐकू येताच बटण दाबा. आपल्या डाव्या कानात एक पुरुष बोलेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

कळलं ना? दार लावते.